गरम झाल्यावर किक न घेणारी बीएसए एम-२० : दोष शोधायचा कसा, काढायचा कसा

थंड इंजिन पहिल्या-दुसऱ्या किकला सुरू होते. वीस-पंचवीस किलोमीटर गाडी मजेत चालते. चहाला थांबून दहा मिनिटांनी पुन्हा किक मारली, की इंजिन दाद देत नाही. शर्ट घामाने भिजेपर्यंत किका मारल्या तरी एखादी फुसकी फट येते किंवा तीही येत नाही. पाऊण तासाने इंजिन निवले की तीच गाडी काही झालेच नव्हते अशी उठते.

बीएसए एम-२० ही जुनी ब्रिटिश मोटारसायकल, तिची ओव्हरहेड व्हॉल्व्हची भावंडे बी-३१ आणि बी-३३, नॉर्टन १६एच, मॅचलेस जी-३एल, लुकासचा मॅग्नेटो (बॅटरीशिवाय ठिणगी तयार करणारे यंत्र) असलेल्या जवळजवळ प्रत्येक जुन्या ब्रिटिश सिंगलला, म्हणजे एका सिलिंडरच्या गाडीला, हे दुखणे कधी ना कधी होते. पुढची सगळी मापे एम-२०ची आहेत, कारण दुसऱ्या महायुद्धानंतर लष्कराच्या डिस्पोजलमधून आपल्याकडे आलेल्या ब्रिटिश गाड्यांत तिची संख्या मोठी आहे. शोधण्याची रीत मात्र सगळ्यांना लागू पडते.

या दुखण्यात बहुतेक वेळा नको तो भाग खोलला जातो. पहिला हात कार्ब्युरेटरला जातो. जेट साफ होतात, नीडल वर-खाली होते, फ्लोट बदलतो. एवढ्यात इंजिन निवते, गाडी सुरू होते आणि आपल्या हाताला गुण आला असे वाटते. पुढच्या फेरीला पुन्हा तेच. एक गोष्ट पक्की धरून चाला : हा दोष फक्त गरम असतानाच दिसतो, म्हणून तो गरम असतानाच शोधायचा. थंड गाडीवर केलेली कोणतीही तपासणी इथे निकाल देत नाही.

मॅग्नेटो गरम झाला की काय होते

एम-२०ला ठिणगीसाठी बॅटरी लागत नाही. लुकासच्या मॅग्डायनोत खाली मॅग्नेटो असतो आणि त्याच्या पाठीवर पट्ट्याने आवळलेला ६ व्होल्टचा डायनॅमो. बॅटरी मेली, डायनॅमो जळला, हेडलाइटचे वायरिंग तुटले, तरी इंजिन चालत राहते. ४९६ सीसीचे, ८२ मिमी बोअर आणि ९४ मिमी स्ट्रोकचे, जेमतेम १३ हॉर्सपॉवरचे हे साइड-व्हॉल्व्ह इंजिन वेगासाठी कोणी घेत नाही. ते आवडते ते या स्वयंपूर्णपणासाठी आणि त्या संथ, जड ठोक्यासाठी. पण ठिणगी तयार करणारी सगळी यंत्रणा एका फिरत्या आर्मेचरमध्ये (तारा गुंडाळलेल्या गाभ्यात) कोंबलेली आहे, आणि ते आर्मेचर सिलिंडरच्या अगदी मागे, कार्ब्युरेटरच्या खाली बसते. गाडी चालू असताना त्याला थोडा तरी वारा लागतो. थांबलात की सिलिंडरची सगळी धग त्याच्याकडे येते. म्हणून मॅग्नेटोचे तापमान गाडी थांबल्यावर पहिली दहा-पंधरा मिनिटे वाढतच जाते. चहाच्या थांब्यानंतरच दुखणे का दिसते, ते यातून कळते.

आर्मेचर इंजिनच्या निम्म्या वेगाने चुंबकाच्या क्षेत्रात फिरते. त्यावर जाड तारेची प्रायमरी आणि केसासारख्या बारीक तारेची सेकंडरी असते. पॉइंट (प्रवाह जोडणारे-तोडणारे संपर्क) उघडतात त्या क्षणी प्रायमरीतला प्रवाह तुटतो आणि सेकंडरीत हजारो व्होल्ट तयार होतात. हा प्रवाह झटकन तुटला पाहिजे. पॉइंटला समांतर जोडलेला कंडेन्सर नेमके तेच काम करतो. कंडेन्सर गळका झाला की पॉइंटवर निळसर ठिणगी पडत राहते, प्रवाह रेंगाळत तुटतो आणि प्लगपर्यंत पोचणारी ठिणगी पिवळी, अशक्त होते. जुन्या कंडेन्सरचे इन्सुलेशन इतक्या वर्षांत ओल धरते आणि खराब होते. ही गळती तापमानाबरोबर वाढते. थंड असताना तो काम चालवून नेतो, गरम झाला की हात टेकतो.

मग चालती गाडी बंद का पडत नाही? कारण वेगात आर्मेचर भरपूर व्होल्टेज देते आणि थोडी गळती त्यात खपून जाते. किक मारताना मॅग्नेटो मिनिटाला शे-दीडशे फेऱ्यांनीच फिरतो, तिथे राखीव काहीच नसते. म्हणून दोषाचा क्रमही ठरलेला आहे. आधी फक्त गरम स्टार्टिंग अवघड होते. काही महिन्यांनी लांबचा घाट चढताना मिसिंग सुरू होते. शेवटी गाडी चालता चालता बंद पडते आणि निवेपर्यंत हलत नाही. पहिल्या टप्प्यावर जागे झालात तर प्रवासात अडकायची वेळ येत नाही.

हा बनावटीचा दोष नाही, हेही लक्षात घ्या. १९३७ ते १९५५ या काळात ही गाडी बनली. लढाईसाठी सुमारे १,२६,००० एम-२० तयार झाल्या आणि त्यांतल्या कितीतरी उत्तर आफ्रिकेच्या वाळवंटात धावल्या. नवा मॅग्नेटो ती उष्णता सोसत होता. आज त्रास देते ते त्याचे वय.

रस्त्याच्या कडेलाच निदान

गाडी गरम आहे आणि किक घेत नाही, हीच तपासणीची वेळ. सोबत एक प्लग स्पॅनर, नवा प्लग, फिलर गेज, फडके आणि पाण्याची बाटली ठेवा.

सर्वात आधी कॉम्प्रेशन. व्हॉल्व्ह लिफ्टर (एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उचलून धरणारी लिव्हर) न दाबता किक लिव्हर कॉम्प्रेशनवर आणा आणि त्यावर हळूहळू वजन टाका. लिव्हर काही क्षण तुमचे वजन तोलून धरते आणि मग सावकाश खाली जाते, तर हवा ठीक आहे. थंड असताना तोलते आणि गरम असताना लगेच खाली बसते, तर दोष व्हॉल्व्हचा आहे. त्याचे शेवटी पाहू.

मग प्लग काढा. पेट्रोलने चिंब असेल तर इंजिन फ्लड झाले आहे. कोरडा ठणठणीत असेल तर पेट्रोल पोचत नाही. किंचित ओलसर, रंग बरा आणि तरीही इंजिन गप्प असेल, तर संशय ठिणगीवर.

ठिणगी तपासताना प्लग हेडवर टेकवून पाहणे पुरेसे नाही. उघड्या हवेत अशक्त ठिणगीसुद्धा प्लगच्या गॅपमधून उडते, दाबाखाली तीच विझते. प्लगच्या वायरचे टोक हेडच्या स्वच्छ धातूपासून ५ मिमीवर धरून किक मारा. वायर इन्सुलेट केलेल्या पकडीत धरा, आणि प्लगच्या भोकाजवळ हे करू नका, तिथून पेट्रोलची वाफ बाहेर येत असते. एम-२०वर कार्ब्युरेटरचे ओघळ मॅग्नेटोवरच पडतात, तेही आधी पुसून घ्या. निरोगी मॅग्नेटो किकच्या वेगाला ५ मिमी अंतर निळ्या, कडक आवाजाच्या ठिणगीने ओलांडतो. गरम असताना ती ३ मिमीलाही उडत नाही आणि थंड झाल्यावर ५ मिमीला उडते, तर दोष मॅग्नेटोत आहे हे सिद्ध झाले. टोक मात्र फार दूर धरून किका मारू नका. ठिणगीला वाट मिळाली नाही की व्होल्टेज वाइंडिंगचे इन्सुलेशन फोडायला बघते. त्यासाठी मॅग्नेटोत सेफ्टी गॅप असते, पण तिची परीक्षा घेण्यात अर्थ नाही.

ज्याला एकट्याने वायर धरून किक मारणे जमत नाही, त्याने ओल्या फडक्याची परीक्षा करावी. ती सोपी आहे आणि निकाल जवळजवळ निश्चित देते. फडके भिजवून घट्ट पिळा आणि फक्त मॅग्नेटोच्या अंगाभोवती गुंडाळा. पॉइंटचे झाकण आणि पिकअप (ठिणगीचा प्रवाह प्लगच्या वायरकडे नेणारा भाग) यांना पाणी लागू देऊ नका. दोन-तीनदा फडके बदला. इंजिन अजून चटका देण्याइतके गरम आहे आणि पाच-सात मिनिटांत गाडी उठली, तर रोगी मॅग्नेटोच. गुण आला नाही, तर तेच फडके आता कार्ब्युरेटरच्या फ्लोट चेंबरवर ठेवा. तेव्हा सुरू झाली तर पेट्रोलची वाफ होते आहे. इंजिन गरम ठेवून एकेक भाग निववत जाणे, ही या सगळ्या शोधाची किल्ली आहे.

आणखी एक खूण हँडलवरच्या, ठिणगी लवकर किंवा उशिरा पाडणाऱ्या अॅडव्हान्स-रिटार्ड लिव्हरमध्ये आहे. या मॅग्नेटोची ठिणगी पूर्ण अॅडव्हान्सला सर्वात जोरदार असते आणि पूर्ण रिटार्डला सर्वात कमकुवत, कारण तेव्हा पॉइंट उघडतात तो क्षण चुंबकीय जोराच्या शिखरापासून दूर गेलेला असतो. पूर्ण रिटार्डला न उठणारे गरम इंजिन लिव्हर साधारण मध्यावर ठेवल्यावर उठते, तर मॅग्नेटो थकला आहे असे समजा. लिव्हर पूर्ण अॅडव्हान्सला ठेवून मात्र किक मारू नका. उलटा झटका आला तर ४९६ सीसीचा हा पिस्टन घोटा दुखावू शकतो.

मॅग्नेटो न उतरवता होणारे उपाय

आर्मेचर बाहेर काढण्याआधी बाहेरची कारणे संपवा. यातल्या काहींचे लक्षण हुबेहूब कंडेन्सरसारखेच असते.

इंजिन बंद करण्याचे बटण आणि त्याची वायर मॅग्नेटोच्या झाकणाला जोडलेली असेल तर ती पहिल्यांदा सोडा. गरम सिलिंडरला टेकून तिचे आवरण वितळले की ठिणगी अर्थ होते, म्हणजे प्लगऐवजी गाडीच्या धातूत जाते. लष्करी एम-२०वर बटण नसेल, तर इंजिन व्हॉल्व्ह लिफ्टरने बंद होते. नंतर कोणी बटण जोडले असेल, तर त्या जोडणीवर विश्वास ठेवू नका.

पॉइंटचा गॅप १२ थाऊ (इंचाचे हजारावे भाग), म्हणजे ०.३० मिमी. पॉइंट पूर्ण उघडलेल्या स्थितीतच मोजा. पृष्ठभाग काळा किंवा खड्ड्यांचा असेल तर बारीक ऑइलस्टोनने सपाट करा आणि पेट्रोलने पुसा. जाड पॉलिश पेपर वापरू नका, त्याचे कण रुतून बसतात. कॉन्टॅक्ट ब्रेकरचा मधला लांब स्क्रू घट्ट आहे ना, हे जरूर पाहा. तो नुसता पकडत नाही, प्रायमरीचा प्रवाह त्यातूनच येतो. थंड असताना टेकणारा सैल स्क्रू गरम झाल्यावर संपर्क सोडू शकतो.

फेस-कॅमच्या कॉन्टॅक्ट ब्रेकरमध्ये पॉइंट उघडणारी एक छोटी फायबरची खुंटी असते. कोकणातल्या किंवा मुंबईच्या पावसाळी हवेत ती फुगते आणि भोकात अडकते. मग पॉइंट बंदच होत नाहीत. खुंटी बाहेर काढा, पुसा, अगदीच घट्ट असेल तर बारीक पेपरवर हलक्या हाताने घासा आणि पातळ तेलाचा ओलसर हात फिरवून परत बसवा. खालच्या प्लेटमध्ये कॅमला तेल देणारी वात असते. तिला पातळ तेलाचे दोन-तीन थेंब पुरतात. जास्त तेल पॉइंटवर येते, जळते आणि नवा दोष तयार करते.

पिकअप काढा. त्याच्या काळ्या बेकेलाइटवर केसासारखी भेग किंवा जळल्याची वाट दिसली तर तो बदला. अशी भेग साध्या उजेडात दिसत नाही, दिव्यासमोर तिरके धरून पाहा. कार्बन ब्रश स्प्रिंगवर मोकळा सरकला पाहिजे आणि ३ मिमीपेक्षा कमी उरला असेल तर नवा घाला. पिकअपच्या भोकातून पेन्सिलीच्या टोकाला गुंडाळलेले पेट्रोलचे फडके स्लिप रिंगवर (आर्मेचरच्या ज्या कड्यावर ब्रश टेकतो त्यावर) टेकवा आणि किक लिव्हर हाताने फिरवत रिंग स्वच्छ करा. काळे निघायचे थांबेपर्यंत फडके बदला. अर्थ ब्रशही काढून पुसा. तो चिकटलेला असेल तर प्रवाह बेअरिंगमधून वाट काढतो.

प्लगची वायर तांब्याच्या तारेचीच हवी. हल्लीची कार्बन गाभ्याची वायर पिकअपच्या टोकदार स्क्रूला नीट पकडतच नाही. प्लग १४ मिमी, अर्धा इंच रीचचा, आणि गॅप १८ ते २० थाऊ (०.४५ ते ०.५० मिमी). आजच्या गाड्यांसारखा ०.७ किंवा ०.८ मिमी गॅप ठेवला तर चांगला मॅग्नेटोही गरम स्टार्टिंगला कमी पडतो. नुसता हा गॅप कमी केल्याने सुधारलेल्या गाड्या पुष्कळ आहेत, पण आतला कंडेन्सर गळका असेल तर ती सवलत तात्पुरती ठरते.

आर्मेचर बाहेर काढायची वेळ आली तर

एवढे सगळे करूनही गरम ठिणगी अशक्तच असेल, तर मॅग्डायनो उतरवावा लागतो. पाने व्हिटवर्थ मापाचे लागतात आणि छोटे स्क्रू बीए आट्यांचे असतात. मिमीचा पाना लावून नट गोल करू नका. टायमिंग कव्हर उघडल्यावर मॅग्नेटोचा गिअर टेपरवर बसलेला दिसेल. त्याला चावी नसते, म्हणून तो पुलरनेच काढा. हातोडीचा एक ठोका शाफ्ट वाकवायला पुरेसा आहे.

डायनॅमोचा पट्टा सोडवून डायनॅमो बाजूला करा. आता सर्वात महत्त्वाचा क्रम : पिकअप, अर्थ ब्रश आणि सेफ्टी गॅपचा स्क्रू हे तिन्ही आधी काढायचे, मगच आर्मेचर ओढायचे. यातले एक जरी आत राहिले तरी स्लिप रिंगची कड तुटते, आणि दोन मिनिटांच्या घाईची किंमत नवी रिंग ही असते. आर्मेचर बाहेर येताच चुंबकाच्या दोन्ही ध्रुवांवर लोखंडी पट्टी आडवी ठेवा. जुन्या बनावटीचे चुंबक उघडे राहिले की जोर गमावतात. बेअरिंगमागचे शिम आणि कागदी इन्सुलेटर जसे निघाले तसेच क्रमाने ठेवा. तो कागद रद्दी समजून फेकणारे कारागीर आहेत. बाहेरची बेअरिंग रेस मॅग्नेटोच्या अंगापासून त्याच कागदाने वेगळी ठेवलेली असते. तो नसला की प्रवाह गोळ्यांतून जातो आणि बेअरिंगवर खड्डे पडतात.

मल्टिमीटरने मोजा : प्रायमरी साधारण अर्धा ओहम, सेकंडरी पाच ते सहा हजार ओहम. आर्मेचर हेअर ड्रायरने ६०-७० अंशांपर्यंत तापवून पुन्हा मोजा. गरम असताना सेकंडरी तुटलेली दाखवते तर वाइंडिंग गेले. आकडे बरोबर आले म्हणून मात्र आर्मेचर निर्दोष ठरत नाही, कारण मीटरच्या दीड-दोन व्होल्टला इन्सुलेशनची गळती दिसत नाही. कंडेन्सर जोडलेल्या स्थितीत तपासताच येत नाही, प्रायमरी त्याला शॉर्ट करून ठेवते. तो सोडवून ५०० व्होल्टच्या मेगरने (इन्सुलेशन तपासणाऱ्या मीटरने), आणि तापवून, तपासावा लागतो.

वाइंडिंगवरची शेलॅक (लाखेचे व्हार्निश) गुळाच्या पाकासारखी ओघळून चुंबकाच्या ध्रुवांना चिकटलेली दिसली, तर कंडेन्सरवर थांबू नका, पूर्ण रिवाइंडिंग करा. वाइंडिंग कोरडे आणि कडक असेल तर नुसता कंडेन्सर बदलून भागते. आर्मेचरच्या पितळी टोकातला जुना कंडेन्सर काढून तिथे ०.१५ ते ०.२२ मायक्रोफॅरडचा, किमान ६३० व्होल्टचा पॉलिप्रॉपिलीन फिल्मचा किंवा १००० व्होल्टचा चांगला सिरॅमिक कंडेन्सर बसवतात. मोटारसायकलच्या कॉइल इग्निशनचा डबीसारखा कंडेन्सर आत मावत नाही. बाहेर टांगून त्याची वायर फिरत्या आर्मेचरला जोडताही येत नाही. ब्रिटनमध्ये कॉन्टॅक्ट ब्रेकरच्या प्लेटवरच बसणारे छोटे कंडेन्सर मिळतात. ते लावणार असाल तर आतला जुना कंडेन्सर सर्किटमधून तोडलाच पाहिजे. तो समांतर राहिला तर त्याची गळती तशीच चालू राहते आणि पैसे वाया जातात.

रिवाइंडिंग देताना वाइंडरला तोंडी सांगून सोडू नका, चिठ्ठीवर लिहून द्या : इपॉक्सी किंवा उष्णता सोसणारे व्हार्निश व्हॅक्यूमखाली आत मुरवलेले हवे, वरून फासलेले नको, वाइंडिंगचा बाहेरचा व्यास ध्रुवांना घासता कामा नये, कंडेन्सर नवा हवा, आणि काम परत घेताना मॅग्नेटो लेथवर किंवा ड्रिलवर फिरवून, ६०-७० अंशांपर्यंत तापवून, अर्धा तास ५ मिमी गॅपवर अखंड ठिणगी दाखवायला हवी. मोटर आणि पंप वाइंड करणारा चांगला कारागीर मॅग्नेटो करतोच असे नाही. सेकंडरीची बारीक तार आणि थरांमधले कागद हे वेगळे कसब आहे. गरम चाचणी दाखवायला जो तयार नाही, त्याच्याकडे काम देऊ नका. त्याच वेळी चुंबकही पुन्हा भारून घ्या आणि बेअरिंगमधला सुकलेला ग्रीस बदला. ग्रीस थोडाच भरा, जास्त झालेला स्लिप रिंगवर जातो.

मॅग्नेटो काढून टाकून बॅटरी-कॉइल बसवा, असाही सल्ला मिळतो. गरम स्टार्टिंग त्याने सुधारते, यात शंका नाही. पण मग गाडी बॅटरीवर आणि त्या जुन्या डायनॅमोवर अवलंबून राहते, आणि हे इंजिन ज्या गुणासाठी जपायचे तोच गुण जातो. नीट रिवाइंड केलेला मॅग्नेटो वर्षानुवर्षे चालतो. खर्च तिथेच करावा.

परत बसवताना टायमिंग

पूर्ण अॅडव्हान्सला पॉइंट उघडायला सुरुवात व्हावी ती पिस्टन टॉप डेड सेंटरच्या (सर्वात वरच्या जागेच्या) ७/१६ इंच (११ मिमी) आधी असताना, कॉम्प्रेशन स्ट्रोकवर. दोन्ही व्हॉल्व्ह बंद आहेत याची खात्री टॅपेटला हात लावून करा. लिव्हर खरोखर पूर्ण अॅडव्हान्सला आहे आणि केबलमध्ये ढिलाई नाही, हेही पाहा. पिस्टनचे अंतर मोजणारी सळई सरळ उभी हवी, तिरकी झाली तर माप जास्त दिसते. पॉइंटमध्ये पातळ सिगारेट पेपर धरून गिअर हलका बसवा. कागद जेमतेम सुटतो त्या जागी टेपर घट्ट करा. नट आवळताना गिअर किंचित सरकतोच, म्हणून आवळल्यानंतर पुन्हा एकदा मोजणे टाळू नका. टायमिंग मागे राहिले तर इंजिन आणि एक्झॉस्ट जास्त तापतात, म्हणजे मॅग्नेटोही जास्त तापतो.

दोष ठिणगीत नसेल तर

फ्लडिंग हे बहुतेक वेळा सवयीने होते. थंड इंजिनला टिकलर (कार्ब्युरेटरवरची छोटी कळ) दाबून पेट्रोल चढवावे लागते, गरम इंजिनला ते अजिबात नको. एअर लिव्हरही पूर्ण उघडी हवी. फ्लड झालीच तर पेट्रोलचा कॉक बंद करा, थ्रॉटल पूर्ण उघडा, व्हॉल्व्ह लिफ्टर दाबून सहा-सात वेळा इंजिन फिरवा, मग थ्रॉटल किंचित उघडा ठेवून नेहमीची किक मारा.

पेट्रोलच्या वाफेचा त्रास मात्र खरा आहे आणि वाढतो आहे. आजच्या पेट्रोलमधले हलके घटक ३५-४० अंशांपासून उकळू लागतात. विदर्भातल्या उन्हाळ्यात हवाच तेवढी तापते. त्यात पंपावर ई-२० आहे. वीस टक्के इथेनॉलमुळे पेट्रोलला जळायला लागणारी हवा कमी होते. साध्या पेट्रोलचे प्रमाण साधारण १४.७ ला १ असते, ई-२०चे १३.५ च्या आसपास येते. जुन्या जेटवर मिश्रण तेवढे पातळ पडते आणि इंजिन अधिक तापते. एम-२०च्या अमाल २७६ कार्ब्युरेटरला मूळ मेन जेट १७०चा आहे. अमालच्या जेटवरचा आकडा प्रवाहाचाच असल्यामुळे १८०चा जेट घातला की साधारण सहा टक्के वाढ मिळते, आणि बहुतेक फरक त्यात भरून निघतो. मधल्या थ्रॉटलला इंजिन पातळ चालत असेल तर नीडल एक खाच वर घ्या. सिलिंडर आणि कार्ब्युरेटरच्या फ्लँजमध्ये ६ ते १० मिमीचा फिनॉलिक स्पेसर बसवा, दोन्ही बाजूंना गॅस्केट घाला. त्यासाठी स्टड लांब लागतील. फ्लँज काचेवर ठेवून सपाट आहे ना, ते बघा. वाकलेल्या फ्लँजमधून हवा ओढली जाते आणि गरम आयडलिंग बिघडते. कॉम्प्रेशन पाचच्याही खाली असल्यामुळे या इंजिनला महाग, जास्त ऑक्टेनचे पेट्रोल घालून काही मिळत नाही.

व्हॉल्व्हचे काम लवकर होते. इंजिन पूर्ण थंड असताना टॅपेट गॅप इनटेकला १० थाऊ, एक्झॉस्टला १२ थाऊ. साइड-व्हॉल्व्ह इंजिनात एक्झॉस्ट व्हॉल्व्ह फार तापतो आणि लांबतो. गॅप कमी असेल तर तो सीटवर बसत नाही आणि हवा जाते. व्हॉल्व्ह लिफ्टरच्या केबलमध्येही एक-दोन मिमी ढिलाई हवी. ताणलेली केबल व्हॉल्व्ह उचलून धरते. गॅप बरोबर ठेवूनही दर काही शे किलोमीटरला एक्झॉस्टचा गॅप मिटत असेल, तर सीट खाली बसते आहे. मग लॅपिंग किंवा कडक सीट, याला दुसरा उपाय नाही.

मॅग्नेटो बसवल्यावर पहिली फेरी पाच-दहा किलोमीटरचीच ठेवा. परतल्यावर इंजिन बंद करून पंधरा मिनिटे थांबा, मॅग्नेटो सर्वाधिक तापू द्या, आणि लिव्हर मध्यावर ठेवून किक मारा. दोन-तीन किकांत उठली की दुसऱ्या दिवशी लांब जायला हरकत नाही. शंभर किलोमीटरनंतर पॉइंटचा गॅप पुन्हा मोजा, कारण पॉइंट उघडणारी फायबरची खुंटी नवी असताना सुरुवातीला झिजते आणि गॅप कमी होतो. डायनॅमोचा पट्टा आणि मॅग्नेटो बेसचे बोल्टही तेव्हाच पुन्हा आवळा.